साडेतीनशे रुपयांची फवारणी

चोवीस ऑगस्ट, भाद्रपद शुद्ध प्रतिपदा, रविवार, सकाळी साडेनऊ. आमच्या कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीखालच्या ओट्यावर बैठक झाली. ठरलं असं की, गणपती बसायच्या आत कॉलनीतलं सगळं गवत औषध फवारून मारायचं. वर्गणी घरटी साडेतीनशे रुपये. हजर अकरा जण. कॉलनीत घरं बारा. बारावा मी, आणि मी हजर नव्हतो.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. यंदा अधिक महिन्यामुळे भाद्रपद लांबला, पण आला. उन्हाला तोच चटका आहे. कुर्डूच्या शेंड्यांना गुलाबी रंग धरायला लागलाय. कुंपणाच्या तारेवर उतरणीचे वेल चढलेत, पान चुरगळलं की हाताला उग्र वास राहतो. तरोट्याला पिवळी फुलं आली आहेत. हे बघून माणसाला बरं वाटायला हवं. मला आधी राग येतो. कुर्डू गुलाबी झाला की माझ्या नाकात त्या औषधाचा वास येतो, वर्ष उलटलं तरी. गेल्या वर्षी मी पोळ्याला गावी गेलो होतो. यंदा गेलो नाही. बैलांच्या शिंगांना रंग लावायचा सोडून इथं जालन्यात कुंपणापाशी खुर्ची टाकून बसलो. बायको म्हणाली, "राखणीला बसल्यासारखे काय बसता?" मी म्हणालो, राखणीलाच बसलोय.

ज्यावरून हे सगळं झालं तो तुकडा केवढा, ते आधी सांगतो, कारण लोकांना वाटतं मी कॉलनीची जागा धरून बसलोय. सहा फूट रुंद, एकतीस फूट लांब. मंजूर नकाशात माझ्या हद्दीत, माझ्या तारेच्या आत. घर बांधलं तेव्हा सगळीकडे मुरमाची भर होती. मी गावाकडून ट्रॅक्टरभर काळी माती आणून तेवढ्या पट्ट्यात टाकली. त्या मातीत मी गुलाब लावले नाहीत, शेवंती लावली नाही. आमच्या बांधावर जे उगवत होतं ते पेरलं.

आमचं गाव टेंभुर्णीपासून तीन किलोमीटर आत. आमच्या आणि भावकीच्या वावरामध्ये एक बांध होता, बैलगाडी जाईल एवढा रुंद. वडिलांचा नियम होता की बांधाला नांगराचं टोक लागता कामा नये. त्यामागं काही तत्त्वज्ञान नव्हतं. बांध कोरला की भांडण होतं, एवढंच. पण त्या भांडणाच्या भीतीनं तिथं काय काय वाचलं होतं! दिवाळीच्या सुमारास त्या बांधावरून चाललं की खुळखुळ्याच्या वाळक्या शेंगा पायाशी वाजायच्या. आतलं बी सुटलेलं असतं, शेंग हलली की घुंगरासारखा आवाज. आम्ही पोरं त्या शेंगा दोऱ्यात ओवून पायाला बांधायचो आणि शाळेत वर्ग चालू असताना पाय हलवायचो. कुर्डूचे तुरे तोवर पांढरे पडलेले असायचे आणि त्यांवर इवल्या तपकिरी मुनिया लटकायच्या. तुरा वाकायचा, मुनिया उलटी व्हायची, तरी बी टिपणं सोडायची नाही.

चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी त्या बांधावरून बी आणलं. धोतराच्या फडक्यात कुर्डूचं, खिशात खुळखुळ्याच्या शेंगा, तरोटा, उतरणीची काटेरी फळं. पुढच्या वर्षी गेलो तर बांध पिवळा पडलेला. मोठ्या भावानं तणनाशक मारलं होतं. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "खुरपायला बाया मिळंनात. मिळाल्या तर चारशे रोज मागतेत. तू येतो का सुट्टी टाकून?" राग आला, पण तो गिळता आला, कारण त्याच्यापाशी कारण होतं. त्याच्या पोटाचा प्रश्न होता. त्यानंतर बांधही अरुंद होत गेला. आता दोन वावरांच्या मध्ये हातभर उंचवटा आहे, त्यावर काही नाही.

म्हणजे माझ्या एकतीस फुटांत जे होतं ते नुसतं फुलांचं वेड नव्हतं. त्या बांधाचं बी दुसरीकडे कुठं उरलेलं मला माहीत नव्हतं.

आणि हे मी कुठं बसून सांगतोय? जालन्यात. बियाण्याच्या गावात. इथून देशभर बी जातं. कपाशी, मका, भेंडी, मिरची, म्हणाल ते. मी स्वतः बावीस वर्षं बियाण्याच्या एका फर्मचे हिशेब लिहितोय. पण बाजारात जाऊन कुर्डूचं बी मागून बघा. मी मागितलं. दुकानदारानं दोनदा विचारलं, मग शेजारच्या दुकानदाराला हाक मारून सांगितलं, "ऐकलं का, ह्यांना कुर्डू पाहिजे!" आणि मला म्हणाला, "भाऊ, आपल्याकडं कुर्डू मारायचं औषध हाय. बी न्हाई." दुसऱ्या एका ठिकाणी 'रानफुले' असं लिहिलेलं चकचकीत पाकीट मिळालं. घरी येऊन मागं वाचलं तर आतलं एकही फूल आपल्याकडच्या रानातलं नव्हतं. ते पाकीट मी परत केलं आणि पैसे मागून घेतले.

पेरायचं कसं हे कुणी सांगत नाही, कारण जे आपोआप उगवतं ते पेरायचं असतं हेच कुणाला पटत नाही. पहिल्या वर्षी मी बी नुसतं फेकलं आणि तरोटा, खुळखुळा जवळजवळ आलेच नाहीत. मग आम्ही सोयाबीनची उगवण तपासतो तसं केलं. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि सावलीत ठेवायचे. खुळखुळ्याचे नऊ उगवले. नऊ! कवच इतकं टणक की पाणी आत शिरत नाही. तेव्हा पॉलिश पेपरवर बी घासलं, रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं, पुन्हा शंभर मोजले. अठ्ठ्याहत्तर उगवले. त्या दिवशी मी ऑफिसात दोन जणांना चहा पाजला आणि कारण सांगितलं नाही. कुर्डूचं बी मोहरीहून बारीक, काळं, तुकतुकीत. ते चाळलेल्या वाळूत मिसळून टाकावं लागतं, नाहीतर सगळं एकाच जागी पडतं. वर माती लोटायची नाही. त्याला उजेड लागतो.

तिसऱ्या वर्षी तारेपाशी गर्दी झाली. खुळखुळ्याच्या पिवळ्या फुलावर काळा भुंगा बसायचा तेव्हा सगळी फांदी खाली जायची. उतरणीवर काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या आल्या. आमच्या नंदाबाईंनी, म्हणजे बायकोनं, पहिल्यांदा झाडूच उचलला होता. पंधरा दिवसांनी तीच मला हाका मारत होती, "अहो, एक कोष फुटून राह्यला, या जल्दी!" नारिंगी पंख, काळी किनार, ओल्या कपड्यासारखे चुरगळलेले. ते वाळेपर्यंत तिची भाजी करपली. समोरच्या घरातले वाघमारे सर रिटायर शिक्षक. ते सकाळचा चहा कपबशीसकट घेऊन रस्ता ओलांडून यायचे आणि तारेला टेकून उभे राहायचे. म्हणायचे, "तुमच्याइथं पेपरापेक्षा बातम्या जास्त असतेत."

आणि मग तो सोमवार.

गावाहून संध्याकाळी परत आलो. फाटक उघडायच्या आधी वास आला. झाडं हिरवीच होती. पानांवर थेंब वाळून पांढरे ठिपके पडलेले. मी पाइप जोडला आणि अंधार पडेपर्यंत पानं धूत राहिलो. वाघमारे सर येऊन उभे राहिले. म्हणाले, "सकाळी अकराला मारलं हो. आता काय उपेग न्हाई." मग त्यांनी सांगितलं. पंपवाला माझ्या फाटकात थांबला होता. त्यानं बेल वाजवली, घरात कुणी नाही म्हणून काकड्यांना विचारलं. काकडे आमच्या कॉलनीचे सचिव. ते म्हणाले, "मार. सगळं एकच हाय."

"मी बैठकीत म्हणलं होतं," सर म्हणाले, "ते पेरलेलं हाय, त्यांना येऊ द्या, मंग ठरवा. तर काकडे म्हणतेत, सर, तुम्ही फुलपाखरं बघा, आम्ही कॉलनी बघतो."

मी तसाच ओल्या पायांनी काकड्यांच्या दारात गेलो.

"गवत हाय ते साहेब," काकडे म्हणाले. "त्याला एवढं काय?"

"ते गवत नाही. मी पेरलेलं आहे. माझ्या तारेच्या आत आहे."

"कुर्डू कोन पेरतं हो? कुर्डू उपटता उपटता माह्या बापाची कंबर गेली, आन् तुम्ही पेरून राह्यले!"

त्यांच्या अंगणात मांडवाचे बांबू मोजणारे दोघे हसले.

"आन् साप निघतेत असल्यात."

"तीन वर्षांत एक तरी निघाला का?"

"निघाला असता तर? मंग दवाखान्याचा खर्चा तुम्ही दिला असता का?"

न निघालेल्या सापाचा न झालेला खर्च माझ्या नावावर टाकणाऱ्या माणसाशी काय बोलायचं? मी परत आलो.

तणनाशकाचं मारणं फार सावकाश असतं. कुऱ्हाडीनं तोडलं तर निदान समजतं. हे पहिले दोन दिवस काहीच दाखवत नाही. मग शेंड्याला फिकट पिवळं येतं, मग ते मुळाकडं उतरतं. माझ्या तारेपाशी हे चालू असताना कॉलनीत आरत्या चालू होत्या, टाळ्या वाजत होत्या. उतरणीची पानं मऊ पडली तशा अळ्या खाली उतरल्या आणि मातीत इकडेतिकडे फिरायला लागल्या. मी आणि सरांनी त्या स्टीलच्या डब्यात गोळा केल्या आणि नाल्याकडच्या रुईवर नेऊन सोडल्या. पन्नाशीतला एक हिशेबनीस आणि सत्तरीतला एक मास्तर, चिखलात उकिडवे बसून अळ्या पानावर चढवतायत. काही चढल्या. बऱ्याच पुन्हा खाली पडल्या. सर प्रत्येक पडलेली उचलून पुन्हा पानावर ठेवत होते.

पण मला सगळ्यात जास्त राग आला तो चतुर्थीच्या सकाळी. दर वर्षी पत्रीसाठी बायका आमच्याकडून आघाडा नेतात. तारेच्या कडेनं उगवतो. देवाच्या ताटात गेला की आघाडा, तारेपाशी असला की गवत! त्या दिवशी सकाळी सहालाच चौघी ताटं घेऊन फाटकात उभ्या. आघाडा वरून अजून हिरवा दिसत होता. मला आडवं उभं राहावं लागलं. म्हणालो, "तोडू नका. त्यावर औषध मारलंय. देवाला विष वाहू नका." चौघींत काकडे वहिनी होत्या. त्यांनी एकदा आघाड्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "कोणी मारलं?" मी फाटकाची कडी लावून घेतली. त्या मस्तगडच्या बाजारात जाऊन वीस रुपयांची आघाड्याची जुडी घेऊन आल्या, असं नंदाकडून कळलं.

वर्गणीची पावती माझ्या दारात तीनदा आली. तिन्ही वेळा मी तिच्यावर 'अमान्य' लिहून परत पाठवली. माझंच झाड मारायचे पैसे मीच द्यायचे, हे कुठल्या खात्यात बसतं? लोक म्हणाले, साडेतीनशे रुपयांसाठी किती ताणायचं. मी साडेतीनशेसाठी ताणत नव्हतो. मला एक वाक्य हवं होतं, चूक झाली, एवढंच. ते आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

तो वाळका पट्टा मी उपटला नाही. सगळ्यांनी येताजाता बघावा म्हणून तसाच ठेवला. खुळखुळ्याला शेंगा धरायच्या आधीच तो गेला होता, कुर्डूत बी भरलंच नव्हतं. ठेवणीतलं सगळं बी मी जूनमध्ये पेरलेलं. कुणी पेरलेलं मारेल हे माझ्या हिशेबात नव्हतं. रोज संध्याकाळी ते तपकिरी खराटे बघायचे आणि राग ताजा करायचा, असे तीन आठवडे गेले. नंदा म्हणाली, "तुम्ही मेलेल्याला रोज पाणी घालून राह्यले." मी म्हणालो, पाणी नाहीच घालत. ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी. रागाला घालून राह्यले."

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी काकडे वहिनी मागच्या दारानं आल्या. घटाला वावरातली माती लागते आणि कॉलनीत सगळा मुरूम. दर वर्षी माती आमच्याकडूनच जाते. मी आतून ओरडलो, "देऊ नको." नंदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळू आवाजात म्हणाली, "घटाला माती न्हाई म्हणायचं का मी? तुमचा राग तुमच्यापाशी ठेवा." तिनं वरचा थर बाजूला सारला, औषध लागलेलं नको म्हणून, आणि खालची माती उकरून टोपलीभर दिली.

सातव्या माळेला वहिनी फाटकातून पुढच्या दारानं आल्या. "भाऊजी, जरा येता का? घटात काहीतरी भलतंच उगवलंय."

त्या सोमवारनंतर मी काकड्यांच्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. गेलो. देवघरात दिवा तेवत होता, घटाभोवती गव्हाचे फिकट पिवळे कोंब वीतभर वाढलेले. आणि त्यांच्या बुडाशी, दाट, तांबड्या देठांची, दोन दोन पानांची इवली रोपं. मी चष्मा पुसला. कुर्डू. मी ओणवा झालो. एका बाजूला जाडसर पानांची चार रोपं वेगळी दिसत होती. खुळखुळा. त्याच्या आदल्या वर्षी गळलेलं बी मातीत खाली गाडलं गेलं होतं. नंदानं ते वर काढलं, उजेडात आणलं, आणि वहिनींनी सात दिवस रोज पाणी घातलं.

"तण हाय," दारातून काकडे म्हणाले. "हिला म्हणलं उपटून टाक."

"बसल्या घटाला हात लावत न्हाईत," वहिनी त्यांच्याकडं न बघता म्हणाल्या. "उठंपर्यंत त्यातली काडीसुद्धा हलणार न्हाई."

कॉलनीत काय मारायचं ते ठरवणाऱ्या माणसाच्या घरात, त्यांच्याच देवापुढं, ते तण अखंड दिव्याच्या उजेडात वाढत होतं आणि त्यांना बोट लावता येत नव्हतं. मला हसू यायला हवं होतं. मी पुन्हा चष्मा पुसत राहिलो, आणि त्याचाही राग आला.

आज तारेपाशी जो कुर्डू आणि खुळखुळा उभा आहे तो त्या घटातला आहे; उतरण जुन्या मुळावरून फुटली, तरोटा मातीत राहिलेल्या बियांचा. हिवाळ्यात रोपं फार वाढली नाहीत, वीत दीड वीत उंचीवरच कुर्डू तुऱ्यावर आला, पण बी धरलं. यंदा मी निम्मं पेरलं. पाव भाग वाघमारे सरांच्या कपाटात आहे आणि पाव भाग वहिनींच्या देवघरात, हळदीच्या डबीशेजारी. दिवाळीला नवं बी निघालं की भावाला थोडं देणार आहे. पेरेल का, माहीत नाही. यंदाच्या बैठकीला मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो. फवारणीचा ठराव झालाच, पण त्यात 'तारेच्या बाहेर' हे दोन शब्द जास्तीचे आहेत. ते मी लिहायला लावले. तारेच्या बाहेरचं सगळं पुन्हा पिवळं पडणार आहे, आणि त्याचा राग मला आहे.

राहिला दसरा. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला सकाळी वाघमारे सर पांढऱ्या कपड्यांत विहाराकडं निघाले होते. फाटकात थांबून म्हणाले, "आज उठतेत का घट?"

"आज."

"मंग परत येताना बघायला येतो."

दुपारी वहिनींनी बोलावलं. आपट्याची पानं दिली घेतली. त्यांनी मला पाटावर बसवलं, गव्हाचे कोंब माझ्या कानावर खोवले आणि ओवाळलं. मग टोपली उचलून पुढं केली. "गहू तेवढा काढला, भाऊजी. तुमच्याला धक्का लागू दिला न्हाई."

मी खिशातून पैसे काढले. घरून मोजून आणले होते. तीन शंभराच्या, एक पन्नासची. ताटात ठेवल्या.

काकडे खुर्चीवरून पुढं झुकले. "आली का शेवटी वर्गणी? थांबा, पावती बुक आणतो."

"वर्गणी नाही," मी म्हणालो. "ही ओवाळणी आहे. तुमच्या त्या बैठकीला मी हजर नव्हतो, आणि अजूनही नाही."

दिले रुपये साडेतीनशे. कुणाला, तर काकडे वहिनींना. पावती घेतली नाही.